टोचन करून नेता येईल असा फांद्यांचा चिपर: कोणता घ्यावा? (बडोदा)

कुऱ्हाडीचा दांडा (धागाकर्ता) | ३ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बडोद्यात आमचं झाडं छाटायचं काम आहे. वडिलांनी सायकलच्या दांडीला कोयता आणि दोर बांधून सुरू केलं. आता मी, वर चढणारी दोन पोरं, खाली दोघं, तीन चेनसॉ आणि एक छोटा हत्ती एवढा संसार आहे. सोसायट्या आहेत, दोन शाळा आहेत, आणि मे महिना उजाडला की गुलमोहोरवाल्या सगळ्यांना एकाच आठवड्यात आमची आठवण येते.

छाटणीत चार पैसे सुटतात. जातात ते फांद्या हलवण्यात. मागच्या आठवड्यात गोत्रीला एका सोसायटीच्या कुंपणाचे कोनोकार्पस काढले. (२०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या वनखात्याने कोनोकार्पस लावायला बंदी घातली, तेव्हापासून हे काम वाढलंय. ज्या चेअरमनने हौसेने लावून घेतले तोच आता काढायला फोन करतो.) झाडं आडवी करायला साडेतीन तास लागले. माल हलवायला दीड दिवस, छोट्या हत्तीच्या नऊ फेऱ्या. गाडी आभाळाला टेकल्यासारखी भरलेली दिसते आणि काट्यावर घातली तर दोनशे किलोसुद्धा भरत नाही. डिझेल जाळून हवा वाहतोय आम्ही.

तर चिपर घ्यायचं मनात आहे. इंग्लंड-अमेरिकेचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय: गाडीच्या मागे टोचन केलेलं दोन चाकांचं यंत्र, एका बाजूने फांदी घालायची, दुसरीकडून ढलप्या थेट गाडीत. माझ्यासमोर तीन रस्ते आहेत.

एक, बाहेरून आलेलं वापरलेलं, स्वतःचं डिझेल इंजिन असलेलं सहा इंची यंत्र. एक दलाल दाखवतोय.
दोन, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं. पादऱ्याला चुलतभावाचा ४२ एचपीचा ट्रॅक्टर आहे, शेतीचं काम नसेल तेव्हा देतो म्हणतो.
तीन, एका प्रदर्शनात बघितलेलं देशी यंत्र. फांदी आत ओढणारे रोलर नाहीत, 'सेल्फ फीड' म्हणतात. किंमत बाकीच्यांच्या चौथाई.

ड्रमवाला घ्यावा की डिस्कवाला? सहा इंच म्हणजे खरंच सहा इंच का? आणि असं यंत्र रस्त्यावरून ओढत नेलं तर कोणी अडवतं का? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा. ज्यांनी नुसतं बघितलंय त्यांनीही सांगा, पण तसं लिहा.

---

पुणेरी पाटी | ३ डिसेंबर, रात्री १०.०५

नुसतं बघितलंय. लांबून. तिथूनच छान दिसतं.

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे, चालू द्या.

---

टॉर्कपाना | ३ डिसेंबर, रात्री ११.२०

मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टूलरूममध्ये आहे, गेली अठरा वर्षं. चिपर वापरत नाही, पण त्याची पाती धार लावायला माझ्याकडे येतात, त्यामुळे कोणाचं यंत्र कसं चालतं ते मला पात्यावरून कळतं.

तिसऱ्या यंत्राबद्दल आधी. रोलर नसलेल्या यंत्रात पातंच फांदी आत खेचतं. फांदी सरळ असेल तर एका झटक्यात ओढून नेतं, वाकडी असेल तर तीच फांदी आत आपटून उलटी तुमच्या तोंडावर. स्वस्त आहे कारण हायड्रॉलिक पंप नाही, मोटर नाही, व्हॉल्व्ह नाही. म्हणजे थांबवायचं साधनच नाही. बागेतल्या बोटभर काड्यांना ठीक. धंद्याला नको.

आता 'सहा इंच'. ते तोंडाचं माप आहे, दमाचं नव्हे. ओला कडुलिंब सहा इंची जाईल. वाळलेली बाभूळ चार इंचाला इंजिनाचा आवाज बसवते. आणि तुमचा माल काय आहे? कोनोकार्पस, पेल्टोफोरम (सोनमोहोर), आसोपालव (उंच अशोक). यात एक तरी फांदी सरळ आहे का? दीड-दोन इंचाच्या बेचक्या आणि त्यावर पाल्याचा हा एवढा झाप. बेचकं सहा बाय सहाच्या चौकोनात अडतं आणि मग माणूस कोयता घेऊन फांद्या सोडवत बसतो. तोंडाची रुंदी बघा. सहा इंच उंच आणि आठ-नऊ इंच रुंद असं तोंड मिळालं तर तुमचं अर्धं कोयत्याचं काम वाचतं. जाड खोड तसंही चिपरात कोण घालतो? ते वखारीत आणि स्मशानात विकलं जातं.

डिस्क की ड्रम, हे उद्या लिहितो. उद्या पहिली पाळी आहे.

---

लेस्टरकर | ४ डिसेंबर, पहाटे ३.१०

मूळचा रावपुऱ्याचा, सध्या इंग्लंडात. पाच वर्षं झाडांच्या कामाच्या एका टोळीत खाली उभा राहून हेच यंत्र चालवलं, म्हणून लिहितो.

इकडे सहा इंचीच का दिसतो ते आधी समजून घ्या. इथल्या नियमात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं. म्हणून बनवणारे सगळे जीव काढून यंत्र त्या वजनात बसवतात. पातळ पत्रा, छोटी टाकी, छोटी चाकं. म्हणजे ते माप लाकडाकडे बघून ठरलेलं नाही, रस्त्याच्या कायद्याकडे बघून ठरलेलं आहे. बडोद्यात तुम्हाला त्या ७५० चं काय कौतुक? पण दलाल तुम्हाला 'हलकं आहे, कोणतीही गाडी ओढेल' म्हणून विकेल. छोट्या हत्तीमागे लावायचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

दुसरं, त्या यंत्राचं कपलिंग इकडच्या गाड्यांच्या मागे असलेल्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसणारं असतं. तुमच्याकडे ट्रॅक्टरला पिन आणि हूक. पुढचा दांडा कापून दुसरा बसवावा लागेल, आणि तो वेल्डिंगवाला नीट बघून निवडा. सव्वासातशे किलो लोखंड उतारावर तुम्हाला सोडून एकटं निघालं की पुढे कोण आहे ते विचारत नाही.

मागे घेणं हा वेगळाच तमाशा. ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन आडवा होतो. ट्रॉली मागे घेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही सुरुवातीला हे जमत नाही. तुमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीत घालून बघा एकदा. पुढच्या छोट्या चाकावर हाताने ढकलू म्हणाल, तर सोसायटीच्या पहिल्या बंपवर चार माणसं हाशहुश करतील.

एवढं असूनही स्वतःच्या इंजिनाचं सुख मोठं आहे. सकाळी किल्ली फिरवली की काम सुरू, ट्रॅक्टर मिळेल का, चुलतभावाचा मूड कसा आहे, हा प्रश्न नाही. घेणार असाल तर एकच गोष्ट तपासा. जाड फांदी घातल्यावर इंजिनाचे फेरे पडले की रोलर आपोआप थांबायला हवेत आणि फेरे सावरले की परत चालू व्हायला हवेत. वापरलेल्या यंत्रात त्याचा सेन्सर हमखास मेलेला असतो आणि कोणीतरी वायर जोडून तो बाजूला काढलेला असतो. दलालाला चार इंची ओली फांदी घालून दाखवायला सांगा. रोलर एकदाही न थबकता इंजिन गुदमरलं, तर उठून चहा प्यायला निघा.

---

निफाडकर | ४ डिसेंबर, सकाळी ७.५५

आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीला पीटीओचं यंत्र आहे. काड्या बारीक, त्यामुळे तुमच्याशी तुलना नको. पण ट्रॅक्टरबद्दल दोन शब्द.

४२ एचपी हे इंजिनाचं. पीटीओवर त्यातलं दहा-पंधरा टक्के कमी मिळतं. म्हणजे धरा ३६-३७. सहा इंची यंत्राला तेवढं पुरतं, पण ट्रॅक्टर जुना असेल तर काहीही विकत घ्यायच्या आधी भर उन्हात अर्धा तास पूर्ण थ्रॉटलवर चालवून बघा. पीटीओ ५४० फेऱ्यांवर धरून ठेवायचा. त्याच्या खाली फांदी घातली की पट्टा घसरतो, जळका वास येतो, आणि पट्टा काही स्वस्त नाही.

तीन बिंदूंवर उचलायचं यंत्र घेतलंत तर टोचनचा विषयच संपतो. ट्रॅक्टर स्वतःच्या पाठीवर घेऊन जातो, मागे घ्यायला सोपं. तोटा एवढाच की मग ट्रॉली लावता येत नाही, ढलप्यांना दुसरी गाडी लागते. ती तुमच्याकडे आहेच.

पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं नळकांडं काढून ठेवायची आपल्याकडे खोड आहे. काढू नका. आमच्या शेजारच्या शिवारात एकाचं धोतर गुंडाळलं होतं. माणूस वाचला, पाय नाही.

---

कुऱ्हाडीचा दांडा | ४ डिसेंबर, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. लेस्टरकर, ७५० किलोची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी तर ते वजन यंत्राचा गुण म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं.

निफाडकर, ट्रॅक्टर सात वर्षांचा आहे. तुमच्यासारखं चालवून बघतो. चुलतभावाला फावेल का ते विचारायला हवं.

---

पुणेरी पाटी | ४ डिसेंबर, रात्री ८.४१

'फावेल'! बडोदेकर मराठी जिवंत आहे, जीव शांत झाला. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

---

टॉर्कपाना | ५ डिसेंबर, रात्री १०.१५

काल राहिलं ते.

डिस्क म्हणजे मोठी जाड थाळी, तिच्या तोंडावर पाती. लाकूड तिरकं येतं, एकसारखी ढलपी पडते, थाळीलाच मागे पंखे असल्याने ती लांब फेकली जाते. पाती बदलायला हात सहज जातो. ड्रम म्हणजे दंडगोल, त्यावर पाती. तो फांदी चावतो आणि आत ओढतो. पाल्याचा झाप, बेचकी, काटेरी बाभळीचं जाळं, हे ड्रम जास्त निमूटपणे खातो. ढलप्या मात्र लहान-मोठ्या, काड्या मिसळलेल्या.

तुमच्या मालाला मी ड्रम म्हणेन. ढलप्या विकायच्या असत्या तर विचार केला असता.

आता माझं खरं दुखणं: पाती. चकचकीत रंग आणि इंजिनाचं नाव बघून लोक यंत्र घेतात, पातं कशाचं आहे ते एकजण विचारत नाही. एचसीएचसीआरचं (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमच्या पोलादाचं), नीट हार्डनिंग केलेलं पातं पाहिजे. मागे एका यंत्राची पाती आली होती, साध्या पट्टीला धार लावून बसवलेली. एका दिवसात कडा गोल झाली होती, करंगळीने हात फिरवला तरी काही झालं नाही.

धार गेली हे कसं ओळखायचं? ढलपीकडे बघा. धारदार पात्याची ढलपी कापलेल्या सुपारीसारखी, दोन्ही कडा साफ. धार गेली की तंतू निघतात, चुरा वाढतो, वहेर (लाकडाचा भुसा) पडल्यासारखं दिसतं, आणि इंजिन कण्हायला लागतं. पाला स्वच्छ असेल तर पंचवीस-तीस तास जातात. फांद्या मातीतून ओढत आणल्या तर अर्ध्यावर येतं. म्हणून खालच्या दोघांना सांगा, फांदी उचलून आणायची, फरफटत नाही.

पाती रस्त्याकडेच्या चाकावर घासून घेऊ नका. कडेला निळा रंग आला की त्या जागेचं पाणी (कडकपणा) उतरलं, मग तिथे धार टिकत नाही. सरफेस ग्राइंडरवर, पाणी सोडत, आणि सगळी पाती एकदम. एक पातं दुसऱ्यापेक्षा हलकं झालं की ड्रम थरथरतो आणि बेअरिंग खातो. मी धार लावल्यावर वजनकाट्यावर जोड्या लावूनच परत देतो. परत बसवताना समोरच्या स्थिर पट्टीशी अंतर मॅन्युअलमध्ये आहे तेवढंच ठेवायचं, फीलर गेज (फट मोजायची पत्री) घालून. डोळ्याने नाही. बोल्ट टॉर्क पान्याने. (नाव उगीच नाही घेतलेलं.)

आणि खिळे. बडोद्याच्या रस्त्याकडेच्या झाडाला 'टू-लेट'च्या पाट्या, दिवाळीच्या सिरीजची तार, जुन्या ट्री-गार्डची सळई, सगळं सालीच्या आत गेलेलं असतं. बुंध्याचा खालचा सहा फूट भाग यंत्रात घालायचाच नाही असा नियम करा.

---

निंबोणी | ६ डिसेंबर, दुपारी १२.१०

मी मांजलपूरला राहते, गच्चीवर आणि खाली मिळून बरीच बाग आहे. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण एक विनंती: दुपारी एक ते चार नको. आमच्या सोसायटीत मागे कोणीतरी असं यंत्र आणलं होतं, साडेबाराला सुरू केलं. आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. सगळी म्हातारी मंडळी बाल्कनीत. काम बंद पाडलं.

आणि त्या ढलप्यांचं तुम्ही काय करणार? मला हव्या आहेत. पण ऐकते की त्यांनी उधई (वाळवी) लागते आणि मातीतलं खत शोषलं जातं?

---

लेस्टरकर | ६ डिसेंबर, रात्री ११.५०

निंबोणीताई, खत शोषलं जातं ते मातीत मिसळल्या तर. ओल्या ढलप्या कुजवणारे जंतू आजूबाजूचं नत्र वापरतात. नुसत्या वरून तीन-चार इंच पसरल्या तर तसं जाणवत नाही, उन्हाळ्यात ओल टिकते, तण येत नाही. झाडाच्या बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं मोकळी ठेवा. आणि वाळवीसाठी घराच्या भिंतीपासून दूर.

एक मात्र. ताज्या हिरव्या ढलप्यांचा मोठा ढीग एका जागी घालून आठवडाभर विसरू नका. आतून तापतो. मी हात घालून बघितलाय, कोपरापर्यंत गेला आणि लगेच बाहेर आला. हिवाळ्यात त्यातून वाफ निघते.

धागाकर्त्यासाठी सुरक्षेचं, कारण अजून कोणी लिहिलं नाही. बारक्या जागी लोक हेच टाळतात.

फांदी बुंध्याच्या बाजूने घालायची. रोलरने पकडली की सोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं, मागे उभं राहायचं नाही. शेंडा आत जाताना चाबकासारखा फिरतो. उरलेल्या बारक्या काड्या हाताने आत ढकलायच्या नाहीत, त्या ढिगासाठी एक लांब फांदी बाजूला ठेवायची, तिनेच ढकलायचं. लोकरीचे सैल हातमोजे, गळ्यातला पंचा, मनगटाचा दोरा, हातातलं कडं, सगळं काढून. तोंडाजवळ लाल दांडा असतो, कमरेने किंवा मांडीने ढकलला की रोलर थांबतात. रोज सकाळी पहिली फांदी घालायच्या आधी तो दांडा दाबून बघायचा. आमच्या टोळीत हा नियम एका सकाळी कोणी पाळला नाही, आणि त्याच दिवशी चढायचा दोर फांद्यांच्या ढिगात राहिला. ढिगातली फांदी रोलरने घेतली, दोर तिच्याबरोबर गेला. दोराचं दुसरं टोक झाडावरच्या माणसाच्या पट्ट्याला होतं. नशीब एवढंच की तो त्या क्षणी दुसऱ्या दोरावर होता. दांडा दाबला तर रोलर थांबेनात. इंजिनाची किल्ली काढेपर्यंत अकरा मीटर दोर आत गेला होता. नंतर ड्रममधून त्याचे बोटभर लांबीचे निळे तुकडे निघाले.

त्यानंतर आमच्याकडे चढायचे दोर आणि यंत्र यांच्यात रंगीत पट्टी टाकलेली रेघ असायची.

---

निफाडकर | ७ डिसेंबर, सकाळी ६.३०

बाप रे.

---

वडाची पारंबी | ७ डिसेंबर, सकाळी ११.००

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दातच ट्रेलर येतो, म्हणजे त्यालाही नोंदणी लागते. बाहेरून आलेलं वापरलेलं यंत्र तुम्ही 'यंत्र' म्हणून घ्याल आणि रस्त्यावर ते 'ट्रेलर' ठरेल. दलालाकडे त्या चाकांचे कागद काय आहेत ते लेखी मागा. 'कोणी विचारत नाही' हे उत्तर अपघात झाल्यावर विमा कंपनीला देता येत नाही. पाठीवर उचलून नेलं तर हा घोळ बराच कमी.

आणि झाड तोडायची परवानगी वेगळी, सेवा सदनाच्या (महापालिकेच्या) बाग खात्याची. ती तुम्ही घेत असालच.

---

कुऱ्हाडीचा दांडा | ७ डिसेंबर, रात्री ९.१५

परवानगी सोसायटीच्या नावावर घेतो, प्रत हातात आल्याशिवाय करवत चालू करत नाही. एकदा हात पोळलेत.

दलालाकडे जाऊन आलो. लेस्टरकरांनी सांगितलं तसं चार इंची ओला सुबाभूळ घेऊन गेलो होतो. रोलर थबकले नाहीत. इंजिन गुदमरून बंद पडलं. दलाल म्हणाला, साहेब तुम्ही जरा हळू घाला. मी चहा प्यायला निघालो.

एक हिशोब मांडलाय, चुकत असेल तर सांगा. ओल्या ढलप्या घनमीटरला साधारण तीनशे ते साडेतीनशे किलो भरतात असं वाचलं. छोट्या हत्तीची क्षमता ७५० किलो. म्हणजे दोन घनमीटर झाले की गाडी वजनाने भरली, फळ्या उंच करून उपयोग नाही. तरी दोनशे किलोच्या जागी सातशे. नऊ फेऱ्यांच्या तीन होतात. मला एवढंच पुरे आहे.

---

टॉर्कपाना | ७ डिसेंबर, रात्री ९.५०

हिशोब बरोबर. फक्त ढलप्या फेकणाऱ्या नळीची उंची मोजा. छोट्या हत्तीवर फळ्या आणि वर जाळी लावल्यावर नळी वरून जाते ना? एकाने यंत्र घेतलं आणि नळी फळीच्या चार इंच खाली. मग विटा लावून ट्रॅक्टरची चाकं वर घेत होते.

ढलप्या विकायच्या म्हणाल तर, गुजरातेत ब्रिकेटवाले (भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणारे), म्हणजे 'व्हाइट कोल'वाले भरपूर आहेत. पण त्यांना माल वाळलेला लागतो, ओल दहा-बारा टक्क्यांपर्यंत, आणि बारीक. तुमचा ओला कोनोकार्पस ते दारातून परत पाठवतील. वाळवायला जागा असेल तर बोला. नाहीतर निंबोणीताईंसारख्यांना द्या, गोडी वाढेल.

---

रेडिएटर | ९ डिसेंबर, दुपारी ४.२०

फक्त एक वाक्य लिहायला खातं उघडलं: मे महिन्यात दर तासाला इंजिन बंद करून रेडिएटरची जाळी ब्रशने साफ करा, पेल्टोफोरमची बारीक पानं त्यावर गोधडीसारखी बसतात आणि तुम्हाला वाटतं यंत्रच खराब आहे.

---

कुऱ्हाडीचा दांडा | २४ जानेवारी, रात्री १०.३०

दीड महिन्यानी धागा वर काढतोय, कारण बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते.

पीटीओचंच ठरवलं. ड्रम, हायड्रॉलिक रोलर दोन, तोंड सहा बाय नऊ. बनवणारा इथलाच, जीआयडीसीतला. आगाऊ रक्कम द्यायच्या आधी दोन अटी घातल्या: एचसीएचसीआरच्या पात्यांचे दोन जोड, आणि माझ्या मालावर माझ्या जागी एक दिवस चालवून दाखवायचं. तो आधी म्हणाला कारखान्यात निलगिरीचे दांडे घालून दाखवतो. मी म्हटलं दांडे तर माझी आजीपण चावेल.

चाचणी परवा झाली, वासणा रस्त्याला. उत्तरायण (इथली संक्रांत) होऊन आठ दिवस झाले होते. इथे कोणी बडोद्याचं असेल त्याला पुढचं कळलं असेल.

सकाळी लाल दांडा दाबून बघितला, रोलर थांबले. साडेनऊला सुरू केलं. कोनोकार्पसचे झाप एकामागून एक असे गेले की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग आसोपालव, मग दोन पेल्टोफोरमच्या फांद्या. रोलर मध्येच थबकायचे, इंजिन सावरलं की परत चालू. चुलतभाऊ ट्रॅक्टरवर बसून राजासारखा बघत होता. अकराच्या सुमारास वरचा रोलर घसटल्यासारखा आवाज करायला लागला. मग फिरेचना.

पीटीओ बंद, ट्रॅक्टरची किल्ली माझ्या खिशात, ड्रम पूर्ण थांबेपर्यंत थांबलो, मग झाकण उघडलं. रोलरच्या दांड्यावर मांजा. गुलाबी, हिरवा, पांढरा, मुठीएवढा घट्ट गुंडाळलेला. पेल्टोफोरमच्या शेंड्यात अडकलेले सगळ्या गल्लीचे पतंग आम्ही आत घातले होते. सुती दोरा कापता आला. पण मध्ये चायनीज दोरी होती. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, आणि तो इथे दांड्यावर घासून, वितळून, सीलच्या फटीत काळ्या मेणासारखा बसला होता. पोरगा ब्लेडच्या तुकड्याने दीड तास खरवडत बसला. सीलची कडा कापली गेली होती, तेलाचे दोन थेंब दिसले.

बनवणारा आधी गप्प होता. मग म्हणाला, ही गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. त्याने दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कडं बसवून द्यायचं कबूल केलंय, म्हणजे दोरा गुंडाळला तरी सीलपर्यंत पोचणार नाही. आणि खालच्या दोघांना मी काम वाटून दिलंय: जानेवारी-फेब्रुवारीत एकाने फक्त फांदीतला मांजा काढायचा, दुसऱ्याने घालायचं.

दुपारी एक ते चार बंद ठेवलं, निंबोणीताई. तेवढ्या वेळात सील बदलून झालं. चार ते सहा परत चालवलं. दिवसाच्या शेवटी छोट्या हत्तीच्या तीन फेऱ्या आणि थोडं उरलं.

पैसे काल दिले. यंत्र महिन्याभरात मिळेल.

---

टॉर्कपाना | २४ जानेवारी, रात्री ११.०५

पाती काढून बघितलीत का? मांजात काच असते. सुती मांजा आत गेला म्हणजे काचपूड पात्यावरून गेली.

---

कुऱ्हाडीचा दांडा | २४ जानेवारी, रात्री ११.१२

बघितली. एका कडेवर बारीक दाते पडल्यासारखे दिसतात. त्याचीच पाती आहेत, पण तुमच्याकडे घेऊन येऊ का, बघून सांगाल?

---

टॉर्कपाना | २४ जानेवारी, रात्री ११.१५

सोमवारी या. सगळी आणा, एक नाही.

---

लेस्टरकर | २५ जानेवारी, पहाटे २.४०

पाच वर्षांत काय काय अडकलेलं बघितलं, तारा, टेनिसचे चेंडू, एकदा पक्ष्यांचं खाद्य ठेवायची आख्खी लोखंडी टोपली. पतंग नाही बघितला. उगाच घरची आठवण आली.

---

निंबोणी | २५ जानेवारी, सकाळी ९.००

अभिनंदन! ढलप्यांचं काय ठरलं? मला दोन पोती चालतील.

---

कुऱ्हाडीचा दांडा | २५ जानेवारी, सकाळी ९.२०

रविवारी सकाळी या, पोती तुमचीच आणा. आसोपालवाच्या वेगळ्या काढून ठेवल्यात. पेल्टोफोरमच्या नको, त्यात अजून गुलाबी दोरे निघतायत.